ओळख पटवणे

त्रिएस्तेच्या पोलीस कचेरीत, तळमजल्यावर,
एकोणीस वर्षं मी लोकांच्या वस्तू सांभाळते.
नोव्हेंबरात एका गॅरेजचं शटर उचकटलं
आणि चारशे बारा नग सापडले,
बटाट्याच्या पोत्यांत, मोज्यांत, कॉफीच्या एका किटलीत.
इस्पितळातून चादरी मागवल्या,
व्यायामशाळेतली टेबलं एकमेकांना भिडवली
आणि सगळं मांडलं,
रुखवत मांडावं तसं,
फक्त प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांक.

ओळख पटवणे, असं या कामाला म्हणतात.
शवागारातही हाच शब्द चालतो.
लोक येतातही तसेच, हात पाठीमागे बांधून,
आधी लांबूनच बघतात.

पुरावा काय, मी विचारते. विचारावंच लागतं.
पावती कुणाकडेच नसते.
फोटोत माणसं असतात;
घड्याळ मागच्या भिंतीवर, अर्धंच,
कुणाच्या तरी टोपीआड.
लिव्हियो कोसुता, बंदरावर क्रेन चालवायचा,
म्हणाला, चावी दिली की तिसऱ्या फेऱ्याला ते खोकतं.
मी चावी दिली.
तिसऱ्या फेऱ्याला ते खोकलं.
'खूण' या रकान्यात मी लिहिलं: खोकतं.
साहेबांनी लाल शाईनं खोडलं.
मी परत लिहिलं.

एक गृहस्थ आले, त्यांना सगळंच आपलं वाटलं.
एका बाईनं स्वतःची नसलेली अंगठी घालून बघितली
आणि ती बोटात अडकली.
साबण आणेपर्यंत
ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हती.

ब्रूना पेर्तोत आली गुरुवारी.
बोरा वारा सुटला होता, टोपी तिनं हातातच धरली होती.
नग दोनशे सतरा: पोवळ्याचे डूल, जोडी एक.
म्हणाली, यातला एक माझा.
एकच?
एकच. आईनं जाताना वाटणी केली.
दुसरा बहिणीचा. त्याची कडी बघा, चांदीची,
तिनं बदलून घेतली.
तिला आधीपासून सगळंच बदलून हवं असायचं.

बहिणीकडेही चोरी झाली हे तिला ठाऊक नव्हतं.
सव्वीस वर्षं त्या दोघींना
एकमेकींचं काहीच ठाऊक नव्हतं.
बहीण खाडीपलीकडे, मुज्जाला. बोटीनं अर्धा तास.
चोरानं एका रात्री इकडे, एका रात्री तिकडे
असं करत जोडी जमवली.
हे मी बोलले नाही.

दुसरा डूल तिला देता येत नव्हता.
तिनं मागितलाही नाही.
मी पिशवी फोडली, दोन चिठ्ठ्या लिहिल्या,
दोनशे सतरा अ, दोनशे सतरा ब.
सरकारी कामात जोडी मोडायला
चार मिनिटं लागतात.

एर्विना सोमवारी आली. तिनं तक्रारच दिली नव्हती.
एका डुलासाठी कोण तक्रार देतं, म्हणाली.
कडी फिरवून बघितली. चांदीची.
मग, पर्स बंद करता करता:
दुसरा कोण घेऊन गेलं?
मालक, मी म्हटलं.
एकटीच आली होती? काठी घेऊन?
बाई, हे सांगायची आम्हाला परवानगी नाही.
तिनं मान हलवली. नियम तिलाही पटला.

मी स्टेपलर शोधायला आतल्या खोलीत गेले.
स्टेपलर माझ्या खिशात होता.
रजिस्टर टेबलावर उघडं होतं,
गुरुवारच्या पानावर, तिच्याकडे तोंड करून.

परत आले तेव्हा सही झाली होती,
डूल रुमालात, रुमाल मुठीत.
पत्ता तिनं उतरवून घेतला की नाही, मी विचारलं नाही.
एवढंच म्हणाली,
अक्षर अजून तसंच आहे,
ओळ संपेपर्यंत खाली उतरतं.

बाहेर वारा अजून होताच.
ती गेल्यावर दार लागेना.
ती वळली, बाहेरून तिनं ढकललं,
आतून मी ओढलं.